लिम्फोसाइट : अहवालातील दुर्लक्षित ओळ

विशेष प्रतिनिधी, मुंबई

रक्ताच्या साध्या तपासणीतील लिम्फोसाइटचा आकडा घसरला की आजार गंभीर वळण घेण्याची शक्यता वाढते, हे करोनाच्या साथीने मुंबईला दाखवून दिले. त्याआधी एचआयव्हीनेही तेच शिकवले होते. मात्र हा आकडा वाचायचा कसा आणि त्यावर विसंबायचे किती, हा प्रश्न गिरगाव ते दादर पट्ट्यातील सामान्य रुग्णासाठी अजूनही सुटलेला नाही.

परळच्या आचार्य दोंदे मार्गावर सकाळच्या वेळी उभे राहिले की हातात कागदाच्या घड्या घेतलेली माणसे दिसतात. कोणी केईएमच्या बाह्यरुग्ण विभागाकडे निघालेला असतो, कोणी टाटा स्मारक रुग्णालयाकडे, तर कोणी मुलाला घेऊन वाडिया रुग्णालयाकडे. घडी उलगडली की बहुधा पहिला कागद निघतो तो सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा. नातेवाइकांची नजर प्रथम हिमोग्लोबिनवर जाते, नंतर प्लेटलेटवर. डेंग्यूच्या साथींनी प्लेटलेट हा शब्द चाळीचाळीत पोहोचवला आहे. या दोहोंच्या मध्ये छापलेल्या लिम्फोसाइटच्या ओळीकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. वैद्यकशास्त्राचा गेल्या चार दशकांतील अनुभव असा, की रुग्ण किती आजारी आहे आणि पुढे त्याचे काय होण्याची शक्यता आहे, याविषयी ही ओळ बरेच काही सांगून जाते.

टक्का आणि संख्या

लिम्फोसाइट म्हणजे लसिकापेशी. पांढऱ्या पेशींच्या पाच प्रमुख प्रकारांपैकी हा एक. विषाणूची ओळख पटवणे, विषाणूने ग्रासलेल्या पेशी नष्ट करणे, प्रतिपिंडे तयार करणे आणि एकदा पाहिलेला शत्रू लक्षात ठेवणे ही या पेशींची कामे. प्रौढ माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये त्या साधारणपणे एक हजार ते चार हजार असतात. प्रयोगशाळेगणिक या मर्यादा थोड्याफार बदलतात. परंतु प्रौढात हजाराच्या खाली गेलेली संख्या बहुतेक ठिकाणी कमी मानली जाते. लहान मुलांत ती मुळातच पुष्कळ जास्त असते. त्यामुळे मोठ्यांचा निकष लावून मुलाचा अहवाल वाचणे चुकीचे ठरते.

गोंधळ होतो तो टक्केवारीमुळे. अनेक अहवालांत लिम्फोसाइटचा टक्का ठळकपणे छापलेला असतो, तर प्रत्यक्ष संख्या खाली बारीक अक्षरांत असते किंवा नसतेच. एखाद्या रुग्णाच्या एकूण पांढऱ्या पेशी ३,२०० आहेत आणि त्यात लिम्फोसाइट ३० टक्के आहेत, असे समजा. टक्का अगदी नेहमीसारखा. अहवालावर लाल खूणही नाही. पण गुणाकार केला तर संख्या भरते ९६०, म्हणजे कमी. याउलट दुसऱ्या रुग्णाच्या एकूण पेशी १२,००० आणि लिम्फोसाइट १० टक्के. टक्का घसरलेला म्हणून घरचे घाबरतात. परंतु संख्या आहे १,२००, म्हणजे मर्यादेत. तेथे वाढलेल्या असतात त्या न्यूट्रोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पेशी. त्या ८५ टक्के, म्हणजे १०,२०० असतील, तर न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट यांचे गुणोत्तर साडेआठ होते. निरोगी माणसात हे गुणोत्तर बहुधा एक ते तीनच्या दरम्यान असते. म्हणजे दुसऱ्या रुग्णाची लिम्फोसाइटची संख्या ठीक असली तरी शरीरात दाह किंवा संसर्ग बळावल्याची शंका घ्यावीच लागते. अहवालातील एकच आकडा सुटा काढून वाचता येत नाही तो यामुळे.

२०२० चा धडा

मुंबईत करोनाचे पहिले रुग्ण ११ मार्च २०२० रोजी आढळले. त्याआधीच चीनमधील वुहानहून आलेल्या पहिल्या शास्त्रीय निबंधाने डॉक्टरांचे लक्ष वेधले होते. 'लॅन्सेट' या नियतकालिकाने २४ जानेवारी २०२० रोजी प्रसिद्ध केलेल्या या निबंधात ४१ रुग्णांची माहिती होती. त्यांपैकी ६३ टक्के रुग्णांच्या लिम्फोसाइट कमी झालेल्या होत्या. फेब्रुवारीअखेर चीनमधीलच १,०९९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात हे प्रमाण ८३ टक्क्यांवर गेले. मार्चमध्ये आलेला १९१ रुग्णांचा अभ्यास अधिक बोलका होता. त्यातील ५४ रुग्ण दगावले होते. दाखल होताना लिम्फोसाइट ८०० पेक्षा कमी असलेल्यांचे प्रमाण दगावलेल्यांत ७६ टक्के, तर वाचलेल्यांत २६ टक्के होते. आणखी महत्त्वाची बाब म्हणजे, वाचलेल्या रुग्णांत हा आकडा लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण सातव्या दिवशी तळाला जाऊन पुन्हा वर येत होता. दगावलेल्यांत तो अखेरपर्यंत खालीच राहिला. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा त्याची दिशा अधिक महत्त्वाची, हे त्यातून स्पष्ट झाले.

मध्य मुंबईसाठी या निष्कर्षाला विशेष अर्थ होता. गिरगावातील वाड्या, लालबाग-परळच्या गिरणगावातील चाळी, दादर-नायगावच्या जुन्या इमारती येथे एका खोलीत तीन पिढ्या राहतात. बाधिताला घरात वेगळे ठेवणे बहुतेकांना शक्य नव्हते. खाटा अपुऱ्या होत्या. अशा वेळी कोणाला घरी ठेवता येईल, कोणाला काळजी केंद्रात पाठवावे आणि कोणाला प्राणवायूची सोय असलेल्या खाटेवर न्यावे, ही निवड जीवनमरणाची होती. महापालिकेने जून २०२० मध्ये २४ प्रशासकीय विभागांत वॉर रूम सुरू केल्या, त्या खाटांच्या वाटपासाठीच. एफ दक्षिण, जी उत्तर, सी, डी या विभागांतील दूरध्वनींवर दिवसरात्र हाच प्रश्न विचारला जात होता.

या निवडीसाठी सर्वांत भरवशाचे साधन अर्थातच रक्तातील प्राणवायूची पातळी दाखवणारा ऑक्सिमीटर हे होते. सहा मिनिटे चालून ती पातळी तपासण्याचा साधा उपायही लोकांना शिकवला गेला. मात्र प्राणवायू घसरतो तो फुप्फुसांना इजा झाल्यावर. लिम्फोसाइटची घसरण अनेकदा त्याआधी दिसू लागते. म्हणूनच मध्यम स्वरूपाच्या रुग्णांत सीबीसी, सीआरपी, डी-डायमर आदी चाचण्या ठरावीक अंतराने पुन्हा करण्याची शिफारस उपचारविषयक मार्गदर्शक सूचनांत करण्यात आली. यांपैकी सीबीसी ही सर्वांत स्वस्त आणि सर्वत्र होणारी चाचणी.

प्रत्यक्षात लोकांच्या तोंडी बसला तो सीटी स्कॅनचा 'स्कोअर'. दुसऱ्या लाटेत तर सौम्य लक्षणे असलेली माणसेही स्कॅन केंद्रांबाहेर रांगा लावू लागली. अखेर दिल्लीच्या एम्सचे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांना ३ मे २०२१ रोजी, सौम्य आजारात सीटी स्कॅनचा उपयोग नाही आणि एका स्कॅनमधून छातीच्या तीनशे-चारशे एक्स-रेइतका किरणोत्सर्ग होतो, असा जाहीर इशारा द्यावा लागला. महाग तपासणी ती अधिक खरी, हा समज किती खोल रुजला आहे याचे हे उदाहरण.

पेशी जातात कोठे?

शत्रू दारात असताना सैनिकांची संख्या कमी का व्हावी, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर एकपदरी नाही. पहिली शक्यता स्थलांतराची. रक्तात फिरणाऱ्या लिम्फोसाइट शरीरातील एकूण साठ्याचा लहानसा भाग असतात. संसर्ग झाला की त्या रक्तातून बाहेर पडून फुप्फुसे, लसिकाग्रंथी अशा ठिकाणी पोहोचतात. दुसरी शक्यता प्रत्यक्ष नाशाची. तीव्र दाहात सायटोकाइन नावाची रसायने मोठ्या प्रमाणात स्रवतात, त्यांच्या प्रभावाने या पेशी स्वतःच मरतात. तिसरी बाब तणावाची. गंभीर आजारात शरीर कॉर्टिसोल हे संप्रेरक अधिक तयार करते आणि ते लिम्फोसाइटची संख्या खाली आणते.

याचा अर्थ, लिम्फोसाइट घसरणे ही केवळ करोनाची खूण नाही. जंतुसंसर्ग रक्तात पसरल्यावर, म्हणजे सेप्सिसमध्ये, निदानानंतर चौथ्या दिवशीही हा आकडा सावरला नसेल तर मृत्यूचा धोका अधिक असतो, हे अमेरिकेतील एका अभ्यासाने २०१४ मध्ये दाखवले. डेन्मार्कमध्ये ९८,३४४ नागरिकांच्या पाहणीत, लिम्फोसाइट कमी असलेल्यांना संसर्गाने रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचे आणि संसर्गाने मृत्यू येण्याचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक आढळले. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. आजार कोणता हे हा आकडा सांगत नाही. आजाराशी झुंजण्याची शरीराची शक्ती किती ताणली गेली आहे, हे तो सांगतो.

एचआयव्हीचा पूर्वानुभव

मुंबईच्या डॉक्टरांना हे नवे नव्हते. भारतात एचआयव्हीचा संसर्ग १९८६ मध्ये उघडकीस आला आणि पुढील दशकात मुंबईतील रुग्णालयांचे वॉर्ड या रुग्णांनी भरू लागले. हा विषाणू लिम्फोसाइटच्याच एका गटावर, सीडी-४ पेशींवर, थेट हल्ला करतो. त्यामुळे सीडी-४ ची संख्या हीच रुग्णाची पत्रिका बनली. १ एप्रिल २००४ पासून केंद्र सरकारने एचआयव्हीची औषधे मोफत देण्यास सुरुवात केली. त्या पहिल्या आठ केंद्रांत भायखळ्याचे जे. जे. रुग्णालय होते. त्या काळी औषध कोणाला द्यायचे हे सीडी-४ वरून ठरत असे, आणि २०० ही त्यातील महत्त्वाची रेषा होती.

सीडी-४ मोजण्यासाठी लागणारे फ्लो सायटोमीटर यंत्र महागडे आणि मोजक्या ठिकाणी उपलब्ध होते. केईएमच्याच आवारात असलेली राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था ही अशा तपासण्यांची जाणकार संस्था; परंतु खेड्यापाड्यांत हे यंत्र कोठून येणार? म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००२ च्या मार्गदर्शक सूचनांत एक व्यवहारी मार्ग सुचवला. जेथे सीडी-४ मोजता येत नाही, तेथे लक्षणे असलेल्या रुग्णाच्या एकूण लिम्फोसाइट १,२०० च्या खाली असतील तर औषधे सुरू करावीत. सीबीसीच्या कागदावरील त्याच ओळीवर त्या वेळी गरीब देशांतील रुग्णांच्या उपचारांचा निर्णय होत होता.

पुढे काय झाले, हेही तितकेच शिकण्यासारखे आहे. २०० ची रेषा पुढे ३५० वर, मग ५०० वर गेली. आणि २०१७ पासून भारतात सीडी-४ कितीही असो, निदान होताच औषध देण्याचे धोरण लागू झाले. कारण आकडा घसरण्याची वाट पाहणे म्हणजे नुकसान होऊ देणे, हे लक्षात आले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत, सीडी-४ चांगले आहेत म्हणून ज्यांची औषधे मध्येच थांबवली, त्यांच्यात मृत्यू आणि आजारपण वाढल्याचे दिसले. तर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत इंटरल्युकिन-२ हे औषध देऊन सीडी-४ ची संख्या वाढवण्यात यश आले, परंतु त्यामुळे ना आजार कमी झाले, ना मृत्यू. कागदावरील आकडा सुधारला, रुग्णाला मात्र त्याचा लाभ झाला नाही. निशाणी आणि कारण यांतील फरक याहून स्पष्टपणे दाखवणारे उदाहरण विरळाच.

निशाणी म्हणजे निदान नव्हे

हाच फरक करोनाकाळात अनेकदा विसरला गेला. आकडा खाली आला की प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या गोळ्या, काढे आणि पावडरी यांची खरेदी सुरू होई. लिम्फोसाइट घसरणे हा जळणाऱ्या घरातून निघणारा धूर आहे. धूर हटवून आग विझत नाही.

प्लाझ्मा उपचारांची कथाही येथे आठवावी लागते. २०२० च्या गणेशोत्सवात लालबागचा राजा मंडळाने मूर्तीची प्रतिष्ठापना न करता 'आरोग्योत्सव' साजरा केला आणि रक्तदानासोबत प्लाझ्मादानाचे शिबिर घेतले. १९३४ पासूनची परंपरा बाजूला ठेवण्याचा तो निर्णय मोठाच होता. प्लाझ्मा देणाऱ्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. मात्र भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर केलेल्या चाचणीत या उपचाराने आजार बळावणे किंवा मृत्यू कमी होत नसल्याचे २०२० मध्येच दिसून आले, आणि मे २०२१ मध्ये तो अधिकृत उपचारांतून वगळण्यात आला. याउलट डेक्सामेथॅसोन हे जुने, स्वस्त स्टिरॉइड प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांचे मृत्यू कमी करते, हे ब्रिटनमधील चाचणीने जून २०२० मध्ये सिद्ध केले. गंमत अशी, की स्टिरॉइड स्वतःच लिम्फोसाइटची संख्या खाली आणते. केवळ आकडा वाढवणे हाच उपचाराचा निकष असता तर जीव वाचवणारे औषध बाद ठरले असते. त्याच चाचणीत, प्राणवायूची गरज नसलेल्यांना या औषधाचा लाभ दिसला नव्हता. तरीही ते सर्रास घेतले गेले आणि त्याचे परिणाम, विशेषतः मधुमेहींमध्ये, म्युकरमायकोसिसच्या रूपाने समोर आले.

स्टिरॉइडखेरीज इतर कारणेही ध्यानात घ्यावी लागतात. वाढते वय, कुपोषण, क्षयरोग, मूत्रपिंडाचे जुने विकार, केमोथेरपी, रेडिएशन या सर्वांत लिम्फोसाइट कमी असू शकतात. टाटा रुग्णालयात उपचार घेणारे आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा परळच्या पदपथावर मुक्काम करणारे परगावचे रुग्ण 'काउंट' हा शब्द रोज ऐकतात. त्यांच्या बाबतीत कमी झालेला आकडा हा आजाराचा इशारा असेल किंवा उपचारांचा परिणाम. तो कोणता, हे त्यांचा डॉक्टरच सांगू शकतो. उलट बाजूने, लिम्फोसाइट व्यवस्थित आहेत म्हणून धोका नाही, असेही म्हणता येत नाही. ज्या अभ्यासात दगावलेल्यांपैकी ७६ टक्क्यांचा आकडा कमी होता, त्यात उरलेल्या २४ टक्क्यांचा कमी नव्हता, हे विसरता कामा नये.

पालिकेपुढील काम

मुंबईत करोनाने १९ हजारांहून अधिक बळी घेतले. त्या अनुभवातून शहराने काय जपले, याचा हिशेब अशा साध्या चाचण्यांपासून सुरू व्हायला हवा. नोव्हेंबर २०२२ मध्ये महापालिकेने हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे आपला दवाखाना ही योजना सुरू केली, तेव्हा १४७ प्रकारच्या रक्तचाचण्या मोफत देण्याची घोषणा झाली. सीबीसी ही त्यातील सर्वांत मूलभूत चाचणी. चाचणी उपलब्ध होणे ही पहिली पायरी. तिचा अर्थ लावून वेळेत निर्णय होणे ही दुसरी, आणि अधिक अवघड.

त्यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. प्रत्येक अहवालात लिम्फोसाइटच्या टक्क्याशेजारी प्रत्यक्ष संख्या तितक्याच ठळकपणे छापता येईल. रुग्णाचा मागील अहवाल शेजारी दिसला, तर आकडा चढतो आहे की उतरतो आहे हे दवाखान्यातील डॉक्टरला एका नजरेत कळेल. ताप चार-पाच दिवस हटत नसलेला साठीपुढील रुग्ण, त्याला मधुमेह आणि लिम्फोसाइट घसरलेल्या, असे चित्र दिसताच त्याला केईएम, नायर किंवा कस्तुरबाकडे पाठवण्याचा ठरावीक शिरस्ता घालता येईल. पावसाळ्यात डेंग्यू, लेप्टो, मलेरिया आणि इन्फ्लुएन्झा यांचे रुग्ण एकाच रांगेत उभे असतात, तेव्हा तर अशा चाळणीची गरज अधिकच भासते. रुग्णाची नाडी, श्वासाचा वेग, रक्तदाब आणि प्राणवायू यांच्या जोडीला हा आकडा वाचला, तरच त्याला मोल आहे. एकटा वाचला तर तो कधी फसवा दिलासा देईल, कधी नाहक भीती.

खासगी प्रयोगशाळांच्या 'पॅकेज'चाही विचार यात व्हायला हवा. निरोगी माणूस सणासुदीच्या सवलतीत पन्नास-साठ चाचण्या करून घेतो आणि एखादा आकडा किंचित खाली दिसला की रात्रभर झोपत नाही. साध्या सर्दी-पडशातही लिम्फोसाइट काही दिवस घसरतात आणि आपोआप सावरतात. अशा वेळी काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा करणे हाच योग्य मार्ग असतो. आकडा सातत्याने कमी राहिला तर एचआयव्ही, क्षयरोग किंवा अन्य कारणांचा शोध डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावा लागतो; आणि तो लाजेपोटी टाळणे महागात पडते.

परळला रक्तशास्त्राची मोठी परंपरा आहे. २२ जानेवारी १९२६ रोजी सुरू झालेल्या केईएम रुग्णालयाच्या परिसरातच डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये 'बॉम्बे' रक्तगट जगापुढे आणला. त्या शोधामागेही महागडे यंत्र नव्हते. नेहमीच्या तपासणीत न जुळणाऱ्या एका निकालाकडे दुर्लक्ष न करण्याची सवय होती. लिम्फोसाइटची ओळ रोज हजारो कागदांवर छापली जाते. पुढील साथ येईल तेव्हा ही ओळ वाचणारा डॉक्टर कोपऱ्यावरच्या दवाखान्यात असेल की रुग्ण तो कागद घडी करून पुन्हा पिशवीत ठेवेल, यावर काही जणांचे प्राण अवलंबून असतील.